मागच्या डाव्या चाकाचा ठिपका

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी सव्वानऊ. स्थळ: सुरत, कोसाड, आमच्या इमारतीतली नानांची जिन्याखालची खोली. हजर: मी, माझा नवरा दिलीप आणि नानांची मुलगी संगीता. ती साक्रीहून पहाटेच्या बसने आली. गैरहजर: नाना. काम: खोली रिकामी करून किल्ली मालकाला देणे.

हजर-गैरहजर लिहून ठेवायची मला सवय आहे. साड्यांवर खडे लावायचं आणि धागे कापायचं काम मी घरोघरी वाटते. मार्केटमधून गठ्ठे आणायचे, कोसाड-अमरोलीतल्या बायकांकडे पोचवायचे, तयार झाले की परत न्यायचे. कोणत्या घरी किती नग गेले हे लिहिलं नाही तर दिवस हातातून जातो. त्याच वहीत मागून, शेवटच्या पानापासून उलट, व्हॅनची नोंद आहे. ती नोंद नानांनी सुरू करायला लावली.

खोलीत फार सामान नव्हतं. एक खाट, स्टोव्ह, दोन पातेली आणि खाटेखाली हत्यारांची पत्र्याची पेटी. "पेटी ताईला द्यायची," म्हणजे मला, असा नानांचा निरोप संगीताने आणला होता. दिलीपने पेटी बाहेर ओढली. आत पाने, पक्कड, ग्रीसचा डबा आणि थंड पेयांच्या चार जुन्या बाटल्यांत भरलेली तेलं. एकाही बाटलीवर चिठ्ठी नाही. त्या बाटल्यांमुळे मी महिनाभरापूर्वी या माणसावर संशय घेतला होता, म्हणून आज मी त्या आधी उचलल्या. त्यांचं पुढे सांगते.

रामदास नाना कतारगामच्या लूम कारखान्यात मास्तर होते. मास्तर म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो. साक्रीकडून विशीत सुरतेला आले आणि तीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढली, त्यामुळे घरातसुद्धा मोठ्याने बोलायचे. पुढे कारखान्यात नवी यंत्रं आली, त्यांच्याबरोबर त्यांची कंपनीची माणसं आली आणि नाना घरी बसले. बायको आधीच गेलेली. त्याच सुमारास आम्ही व्हॅन घेतली. नाना एका सकाळी खाली उभे राहून तिच्याकडे बघत होते. मी म्हटलं, "चालवाल का?"

"चालवतो," नाना म्हणाले. "पन उघडून पाहू देशील तर."

आम्ही विदर्भातले, बुलढाण्याकडचे. नाना घरी अहिराणी बोलत, माझ्याशी मराठी. रागावले किंवा घाबरले की अहिराणीवर जात. रागावलेले मी बऱ्याचदा पाहिले. घाबरलेले एकदाच.

त्यांचं एक वाक्य इमारतीत सगळ्यांना पाठ होतं. कोणी 'झालं' म्हटलं की नाना विचारायचे, "झालं म्हनजे काय झालं?"

नळवाला म्हणाला, झालं. नाना विचारायचे, वायसर बदललं का नुसतं आवळलं? जुनं दाखव. गॅसवाला सिलिंडर लावून निघाला की हे साबणाचं पाणी घेऊन हजर. तेलाच्या दुकानात सीलबंद डबा दिला तर सील उजेडात धरून बघायचे, मग तिथेच उघडून हुंगायचे. दुकानदार वैतागून म्हणायचा, "काका, कंपनीनो माल छे." नाना म्हणायचे, "कंपनीला तर मी भेटलो नाही. तुला भेटलो."

शेजारच्या जोशीकाकूंकडे सत्यनारायण होता. भटजींना पुढची पूजा गाठायची होती. त्यांनी भराभर पोथी उरकली, हात जोडले आणि म्हणाले, झालं. सगळे प्रसादाला उठले. नाना बसूनच राहिले.

"चौथा राहिला," ते म्हणाले.

"काय चौथा?"

"अध्याय. तिसऱ्यावरून पाचव्यावर गेलात. मी बोटं मोजत बसलो होतो."

भटजी परत बसले आणि चौथा वाचला. शिरा गार झाला. जोशीकाकू आठ दिवस नानांशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी मिक्सर बंद पडला तेव्हा बोलल्या.

या वाक्याचा उगम त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीत होता. ती अर्धीच होती. ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही पाना पुसता पुसता. माग दुरुस्त करायला त्यांनी आत हात घातला होता. त्याआधी ओरडून विचारलं होतं, बंद केला का? तिकडून उत्तर आलं, झालं. बंद झाला होता तो शेजारचा माग.

"त्यानं खोटं नाही सांगितलं," नाना म्हणाले. "त्यानं एक बटन दाबलं होतं. कोनतं, ते मी विचारलं नाही."

त्यानंतर मास्तर असेपर्यंत त्यांनी खुणांची पद्धत ठेवली. तेल देणारा माणूस प्रत्येक मागाच्या तेलकुपीचं झाकण उघडून तेल घालतो. नाना आदल्या दिवशी झाकण आणि कुपी यांच्या सांध्यावरून एक सुताचा धागा चिकटवून ठेवत. धागा तुटला असेल तर झाकण उघडलं होतं. शाबूत असेल तर माणूस नुसता फेरी मारून आला होता. धागा तुटायचा की नाही एवढंच नाना बघत, माणसाला विचारतच नसत.

व्हॅन पहिली वर्षं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यावी लागे. तिथेच सर्व्हिस केली नाही तर वॉरंटी जाते, असं कागदावर होतं. पहिल्यांदा नेण्याच्या आदल्या दिवशी नाना पांढऱ्या रंगाची डबी आणि काडी घेऊन गाडीखाली शिरले. ऑइल फिल्टरच्या बुडाला एक ठिपका, एअर फिल्टरच्या कडेला एक, बेल्टवर एक. मला वहीत लिहून घ्यायला लावलं: कुठे, किती मोठा, कोणत्या दिशेला.

"नाना, मोठी कंपनी आहे," मी म्हटलं.

"मग ठिपक्याला घाबरनार नाही."

संध्याकाळी गाडी आणायला आम्ही दोघं गेलो. गाडी इतकी चकचकीत धुतली होती की मला पटकन ओळखता आली नाही. आत कागदी गालिचे, सुवासिक पट्टी. टाय लावलेल्या पोराने यादी वाचून दाखवली, प्रत्येक ओळीवर टिक होती. नाना यादीकडे न बघता सरळ खाली वाकले आणि टॉर्च लावला.

"भाऊ, हा फिल्टर नवा का?"

"हां काका, एकदम नया."

"नव्यावर माझा ठिपका कसा?"

पोराला ठिपका कळेना. नानांनी त्याला खाली वाकवलं. मग सुपरवायजर आला, मग आणखी कोणी. चूक झाली, बदलून देतो, चहा घ्या. नानांनी चहा घेतला नाही. बदलताना उभे राहून बघितलं, जुना फिल्टर मागून घेतला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला. येताना म्हणाले, "गाडी धुतात ना, ती यासाठी. धुतलेली गाडी पाहिली की मानूस बॉनेट उघडत नाही."

वॉरंटी संपली त्या आठवड्यापासून सगळं काम नानांनी स्वतःकडे घेतलं. रविवारी सकाळी सात ते दहा, पार्किंगमधला तिसरा खांब. तेल बदलणे, फिल्टर झटकणे, बॅटरीचं पाणी, चाकांची हवा, ब्रेक. ते करायचे, मी वहीत लिहायची. मला टिक मारू द्यायचे नाहीत. शब्दांत लिहायला लावायचे: काढलं, पुसलं, घातलं, आवळलं, चालवून पाहिलं. "टिक म्हनजे कोंबडीचा पाय," म्हणायचे. मला चाक बदलायला त्यांनी शिकवलं, पुढे गाडी चालवायलाही. चालवताना कंजूष होते, ब्रेकवर पाय ठेवायचेच नाहीत फारसा. आधीच वेग कमी करायचे.

या वर्षी पावसाळा संपताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "आता तूच चालव. गुडघा दुखतो." मी मानलं. आमच्याकडे येताना जिना मात्र ते पूर्वीसारखाच चढत होते, हे वहीत लिहायचं मला सुचलं नाही.

नंतर बारीकसारीक दिसायला लागलं. तेल ओतताना बाहेर सांडायचं. बाटली उचलली की ते तिच्या गळ्याशी अंगठा फिरवत बसायचे, मग हुंगायचे, मग ओतायचे. मागाचं पांढरं तेल, इंजिनाचं, ब्रेकचं, सगळं एकसारख्या बाटल्यांत. ब्रेकच्या टाकीत मशीनचं तेल गेलं तर आतली रबरं फुगतात आणि ब्रेक जातो, हे मला नानांनीच शिकवलं होतं. दिवाळी झाली आणि ब्रेकचं पेडल मला पूर्वीपेक्षा खाली जातंय असं वाटू लागलं. मागून डाव्या बाजूला बारीक चर्रर्र.

एरवी मी चार दिवस थांबले असते. पण नोव्हेंबरअखेर मोताळ्याला माझ्या पुतणीचं लग्न होतं. व्हॅनमध्ये सात जण जाणार होतो, त्यात माझी सासू आणि जावेचं दीड वर्षाचं बाळ. जाताना कोंडाईबारीचा चढ आणि येताना उतार. चालवणार मी. त्या उतारावर पेडल तळाला गेलं तर काय, हा विचार मला साड्या मोजताना, भाजी चिरताना, कधीही यायचा.

नानांना म्हटलं, "रविवारी चारही चाकं काढून ब्रेक उघडा."

"उघडतो."

शनिवारी संध्याकाळी नाना देवळात गेले होते. मी मुलीचं लाल नेलपॉलिश घेऊन खाली गेले. प्रत्येक चाकाच्या एका नटावर ठिपका दिला, अर्धा नटावर, अर्धा चाकाच्या पत्र्यावर. नट फिरला की ठिपका तुटणार. चाक निघाल्याशिवाय ब्रेक उघडत नाही. हे करताना मला चोरट्यासारखं वाटलं. पण ठिपके सुबक आले याचं थोडं समाधानही वाटलं, हे कबूल करते.

रविवारी मला मार्केटमध्ये जावं लागलं, रिक्षाने. अकराला परत आले तेव्हा नाना साखर आणि तेल लावून हात धूत होते. ग्रीस निघायला ते साबण वापरत नसत.

"चारही?" मी विचारलं.

"झालं," नाना म्हणाले.

एवढंच. काय झालं, ते नाही. पाच वर्षांत त्यांच्या तोंडून एकटं 'झालं' मी पहिल्यांदा ऐकलं.

ते जेवायला गेल्यावर मी खाली आले. पुढच्या दोन्ही चाकांचे ठिपके तुटलेले. मागचे दोन्ही शाबूत.

खरं तर तिथेच मला कळायला हवं होतं. फिल्टरच्या बुडाचा काडीएवढा ठिपका शोधणारा माणूस. त्याने पुढच्या नटांना पाना लावला आणि त्याला लालभडक रंग दिसला नाही. पण मी त्या क्षणी खोटं पकडलं होतं आणि त्याच नादात होते. दिलीपला वर जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "विचार त्यांना सरळ."

"विचारून काय, ते झालंच म्हणणार."

"मग काय करणार?"

"सर्व्हिस सेंटरला नेते."

"त्याच?"

"दुसरं लांब आहे."

पुढचे ठिपके मी पुन्हा दिले. नानांना सांगितलं, चलथाणला एका बाईकडे गठ्ठे द्यायचेत, उशीर होईल. सर्व्हिस सेंटरमध्ये आता टाय गेला होता, पोराच्या हातात टॅब्लेट होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि अकरा कामं काढली. इंजिन आतून धुणे, एसीची फवारणी, रंगावर कोटिंग, वायपर, असं काहीबाही. "मॅडम, घाट में जाना है तो ये सब करवाना ही पडेगा." ब्रेकच्या तेलात एक पेनसारखं काही बुडवून लाल दिवा दाखवला. "तेल खराब है." मी मनात म्हटलं, तो दिवा नळाच्या पाण्यातही लाल लागत असेल. तरी चारही चाकांचे ब्रेक उघडून साफ करा, तेल बदला, बाकी काही नको, असं लिहून दिलं आणि त्याची सही घेतली.

"मी उभी राहते," मी म्हटलं.

"ग्राहकांना आत परवानगी नाही, मॅडम. सेफ्टी." काचेमागे बसवलं. काचेतून दुसऱ्याच गाड्या दिसत होत्या.

चारला गाडी आली. धुतलेली. कागदावर लिहिलेलं: चारही चाकांचे ब्रेक, साफ व तपासणी, पूर्ण. मी गेटच्या बाहेर गाडी उभी केली आणि उतरून बघितलं. पुढचे ठिपके तुटलेले. मागचे दोन्ही तसेच, उलट धुतल्यामुळे जास्त चमकत होते.

मी परत आत गेले नाही. गेले असते तर चहा मिळाला असता. रस्त्याच्या कडेला उभी राहून मला एक गोष्ट सुचली आणि लाज वाटली. तीन दिवस मी कोण खोटं बोलतं ते शोधत होते. दोघे सापडले. आणि ब्रेक अजून कोणीच पाहिला नव्हता. मी त्याच गाडीतून, त्याच ब्रेकवर, मार्केट, अमरोली, कोसाड करत फिरले होते.

घरी पोचले तेव्हा नाना खांबापाशी उभे होते. ऊन उतरलं होतं.

"चलथाणला गाडी धुऊन मिळते?" त्यांनी विचारलं. शाम्पूचा वास लांबून येत होता.

 मी म्हटलं, "नाना, मागचं डावं चाक आवाज करतं. माझ्यासमोर उघडा."

 नाना खाली बसले, उकिडवे, आणि हात पुढे करून चाक शोधलं. बघितलं नाही, शोधलं. बोटं पत्र्यावरून नटांवर आली आणि एका नटावर थांबली. अंगठा त्या जागी दोनदा फिरला.

"काय लावलंय हे?"

"काही असेल."

त्यांनी नखाने खरवडलं, बोट नाकाशी नेलं. "रंग. नखाला लावतात तो."

"सर्व्हिसवाल्यांनी लावला असेल," मी म्हणाले.

"हां," नाना म्हणाले. "नेलपॉलिश लावनारे मेकॅनिक ठेवलेत वाटतं त्यांनी."

मी हसले नाही, तेही हसले नाहीत. वरच्या मजल्यावर कोणीतरी गाद्या झटकत होतं. नानांनी हात चाकावरच ठेवला आणि माझ्याकडे न बघता अहिराणीत म्हणाले, "माले दिसत नही, ताई. सहा महिना व्हयनात."

मला दिसत नाही. सहा महिने झाले.

काचबिंदू. पावसाळा संपताना सरकारी दवाखान्यात सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकवायची. मधलं दिसायचं थोडं, नळीतून बघावं तसं. गाडी चालवणं त्यांनी त्याच दिवशी सोडलं होतं. हातातले पाने मात्र सोडवले नाहीत. पुढचे ब्रेक सोपे, हाताने समजतात. मागच्या ड्रममध्ये बारीक स्प्रिंगा असतात, एक उडाली तर शोधायची कशी, म्हणून त्यांनी गेले दोन महिने मागची चाकं उघडलीच नव्हती.

"मग 'झालं' का म्हणालात?"

"पुढचं झालं होतं." नाना म्हणाले, "तू विचारलं नाहीस, काय झालं."

मला राग आला. तो राग वहीत आहे. सात माणसं घेऊन मी घाट उतरले असते. ते मी बोलले, स्पष्ट बोलले. नानांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जॅक आन. तू डोळे हो. मी हात होतो."

चाक निघालं. ड्रम ठोकून काढला. आतलं मी प्रथम वहीत काढून घेतलं, कोणती स्प्रिंग वर, कोणती खाली, कोणता आकडा कुठे अडकलाय. नाना विचारत होते आणि मी सांगत होते. त्यांची अर्धी करंगळी आत सरकली, सिलिंडरच्या रबराखाली, आणि बाहेर आली.

"ओलं शे," ते म्हणाले.

ब्रेकचं तेल गळत होतं. लायनिंग घासून पातळ झालेलं, तेलाने चिकट. तेच होतं पेडल खाली जाण्याचं कारण. टॅब्लेटवाल्या पोराचा लाल दिवा खरा होता की नाही ते मला आजही माहीत नाही.

सामान आणून बसवायला दोन संध्याकाळी गेल्या. दोन्ही मागची चाकं. ब्रेकमधली हवा काढायला दिलीप पेडलवर पाय ठेवून बसला. नाना खालून ओरडत, "दाब... धरून ठेव... सोड." दिलीप एकदा सांगायच्या आधीच सोडून बसला, तेव्हा नाना म्हणाले, "जावईबापू, घाई असेल तर पायी जा लग्नाला." सगळं आवळून झाल्यावर मी वहीत लिहिलं: काढलं, पुसलं, नवं घातलं, आवळलं. मग आम्ही गल्लीत दहा वेळा ब्रेक लावून पाहिला, नाना मागच्या सीटवर, तळहात चाकाच्या वरच्या पत्र्यावर. शेवटी तेच म्हणाले, "आता तिसऱ्याला दाखव. आंधळ्याचं काम आहे, नुसतं माझ्यावर जाऊ नको." अमरोलीच्या एका गॅरेजमध्ये नेलं. मी शेजारी उभी राहिले, त्याने चाकं काढेपर्यंत हलले नाही. तो म्हणाला, नीट आहे. मी विचारलं, नीट म्हणजे काय नीट? त्याने माझ्याकडे बघितलं आणि एकेक वस्तू दाखवली.

लग्नाला जाताना नाना आमच्याबरोबर आले, साक्री फाट्यापर्यंत. तीन दिवस मुलीकडे राहतो, परतताना मला उचला, असं ठरलं होतं.

परतताना आम्ही दुपारी फाट्यावर पोचलो. नाना रस्त्याच्या कडेला उभे, शेजारी संगीता. मी गाडी थांबवली आणि मागचं दार उघडलं. नाना दाराकडे आले नाहीत. गाडीच्या पत्र्याला हात लावत मागे गेले आणि मागच्या डाव्या चाकापाशी वाकले. हाताची मागची बाजू चाकाच्या मध्याजवळ नेली, टेकवली नाही. तिथून उजवीकडे, मग पुढची दोन. चार चाकांशी चारदा वाकले. गाडीतली माणसं खिडकीतून बघत होती, बाळाने त्यांना हात केला, तो त्यांना दिसला नाही.

"दोन्ही बाजू सारख्या तापल्यात," ते माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले. "ब्रेक धरून बसत नाही. घाट दुसऱ्या गिअरवर उतर. पायावर नको उतरू."

"बसा ना, नाना."

तेव्हा मी पाहिलं, त्यांच्या हातात पिशवी नव्हती.

"मी इथंच," ते म्हणाले. "तिथं येऊन आता काय पाहू?"

मला तेव्हा सांगायचं होतं. वाक्य तोंडात तयार होतं. मागून एक ट्रक हॉर्न देत होता, सासू म्हणत होती उशीर होतो. नानांनी व्हॅनच्या दारावर दोनदा थाप मारली, माग सुरू करायला सांगताना मारत असतील तशी, आणि वळले. संगीताने त्यांचा दंड धरला. आरशात ते दोघे काही वेळ दिसत होते. नाना अजून गाडीच्या आवाजाच्या दिशेने मान कलती करून उभे होते, चर्रर्र येतो का ते ऐकत.

घाट दुसऱ्या गिअरवर उतरला.

आज पेटीतल्या चारही बाटल्या मी ओट्यावर ठेवल्या. संगीता म्हणाली, "ताई, या फेकू का? काहीच लिहिलेलं नाही." मी तिला थांबवलं, कारण बाटलीच्या गळ्याशी माझ्या अंगठ्याला काहीतरी लागलं होतं. सूत. एकीच्या गळ्याला सुताची एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. विणकरांची गाठ, लहान आणि घट्ट, तुटलेला धागा जोडताना न बघता मारतात ती. सुतावर बोटांचं काळं चढलं होतं, आजची नव्हती ती. म्हणजे ओतण्याआधी ते गळ्याशी अंगठा फिरवायचे ते यासाठी.

तरी मी चारही झाकणं उघडली. एकेका बाटलीतलं थेंबभर बोटाला लावलं, चोळलं, हुंगलं. एक गाठ इंजिनाचं. दोन गिअरचं. तीन ब्रेकचं. चार मागाचं. एकही चुकलेली नव्हती.

साडेअकराला खोलीची किल्ली मालकाला दिली. पेटी आमच्या घरी आली. वहीत आजची कामं लिहिली आहेत, शब्दांत: खोली झाडली, खाट संगीताच्या सासरी पाठवायला दिली, बाटल्या तपासल्या, दिवा-पंखा बंद करून पाहिला.

खाली आणखी एक काम आहे. ते लग्नाहून आल्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं आणि त्यानंतर प्रत्येक पानावर पुढे नेलं. नानांना फोन करणे. सांगणे की ठिपका सर्व्हिसवाल्यांनी नाही, मी लावला होता. संगीताने निघताना नंबर पुन्हा लिहून दिला. रविवारी सकाळी ते ओट्यावर बसलेले असतात, म्हणाली, सात ते दहा, फोन जवळच असतो.

आज रविवार होता. दहा कधीच वाजून गेले होते.